‘एस्टोनिया’ स्फोटाने बुडाली, या दाव्याविषयी

टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ ही प्रवासी फेरी २८ सप्टेंबर १९९४ च्या पहाटे बाल्टिक समुद्रात बुडून ८५२ माणसे दगावली. ती स्फोटाने किंवा पाणबुडीच्या धडकेने बुडाली आणि सरकारांनी ते दडपले, असा दावा समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो.

पहिला युक्तिवाद असा की, १९८० पासून बर्फाळ पाण्यात सुखरूप चाललेली बोट एकाएकी बुडेल कशी? मात्र ‘वायकिंग सॅली’ या मूळ नावाने ती तुर्कू–स्टॉकहोम मार्गावर बव्हंशी बेटांच्या आडोशाने धावत असे. पुढे ‘वासा किंग’ म्हणून ती वासा आणि उमेओ या बंदरांदरम्यान गेली, तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो, आणि गोठलेल्या समुद्रात मोठ्या लाटा उठत नाहीत. उघड्या समुद्रात चार मीटरच्या लाटा समोरून झेलण्याची वेळ तिच्यावर क्वचितच आली होती.

दुसरा, प्रवाशांनी ऐकलेले धडाके. ते खरेच झाले होते. नाळेवरचे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचे, उचलते पोलादी झाकण, म्हणजे व्हायझर, सुमारे ५५ टनांचे होते. त्याची कुलपे तुटल्यावर ते लाटांबरोबर आपटत राहिले आणि गळून पडताना त्याने वाहने चढवायचा आतला रॅम्पही ओढून उघडला, आणि पाणी आत शिरले. हा व्हायझर बुडालेल्या बोटीपासून सुमारे दीड किलोमीटर पश्चिमेला सापडला. ‘डायना २’ या जवळपास तशाच बोटीच्या व्हायझरची कुलपे १९९३ च्या जानेवारीतच निकामी झाली होती, याचा उल्लेख दावेदार करीत नाहीत.

तिसरा, २०२० च्या माहितीपटात दिसलेले बोटीच्या कुशीतले भगदाड. तेही खरे आहे. परंतु ते ज्या उजव्या कुशीवर बोट तळाशी आदळली त्याच बाजूला आहे, तिथे खडक वर आलेला आहे, आणि एस्टोनिया, फिनलंड व स्वीडन यांच्या २०२३ च्या संयुक्त प्राथमिक अहवालाला स्फोटाचा वा धडकेचा कोणताही पुरावा आढळला नाही.

या बोटीतून गुपचूप लष्करी सामान नेले जात होते, या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. त्याच महिन्यात १४ आणि २० तारखांना असे सामान या बोटीतून नेल्याचे स्वीडनला २००५ मध्ये मान्य करावे लागले, आणि ही लपवाछपवी निषेधार्हच होती. तरीही त्यातून २८ तारखेचा स्फोट सिद्ध होत नाही. उलट, २०२३ च्या त्याच अहवालानुसार व्हायझरची नीट तपासणी झाली असती तर त्यातील दोष आधीच उघडकीस येऊ शकले असते. दावेदारांनी जाब विचारायचाच असेल, तर तो या न झालेल्या तपासणीचा विचारावा.