टिंबासकट

सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मी ३१ वर्षं काढली. कागद जपणं आणि कागद नष्ट करणं ही माझी दोन कामं, आणि त्यातलं दुसरं जास्त अवघड. ‘अ’ वर्गातली संचिका कायम ठेवायची, ‘ब’ वर्गातली ३० वर्षं, आणि ‘ड’ म्हणजे वर्षभरात रद्दी. पण रद्दी म्हणून कुणी उठून कागद फाडत नाही. आधी यादी, यादीवर टिपणी, टिपणीवर वरिष्ठांची सही, मग फाडणं आणि शेवटी फाडल्याची नोंद. ती नोंद मात्र जपून ठेवायची. एवढा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरने चार दिवस नाचवलं, हे मी आमच्या सोसायटीत अजून कुणालाही कळू दिलेलं नाही.

सोसायटीचा उल्लेख आला तर तेही सांगतो. मुंबईत माणूस निवृत्त झाला की पुढच्या सर्वसाधारण सभेत त्याला सेक्रेटरी करतात. मलाही केलं. आमची मुलुंड पूर्वेची चार मजली, बिनलिफ्टची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, म्हणजे गेली सहा वर्षं जातेच आहे. या सहा वर्षांतली इतिवृत्तं, नकाशे, बिल्डरची पत्रं आणि तळमजल्यावरच्या आजोबांच्या हरकती असं सगळं स्कॅन करून ठेवायचं ठरलं. त्यासाठी माझी जुनी बाहेरची हार्ड डिस्क काढली. ती विकताना ५०० जीबी सांगितली होती, विंडोज दाखवतं ४६५. मी बिल घेऊन भांडायला निघालो होतो, पण भाच्याने अडवलं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या, म्हणाला. म्हणजे बिल्ट-अप आणि कार्पेट! मुंबईकराला हे दुसऱ्यांदा समजावून द्यावं लागत नाही.

तर ही कार्पेट जागाही भरलेली. डिस्क उघडून पाहिली. त्यात पेन्शनची जुनी प्रकरणं होती, सुटे व्हिडिओ होते आणि धाकट्या भाच्याच्या मुंजीचे ३८ जीबी होते. व्हिडिओवाल्याने मातृभोजनातल्या प्रत्येक घासाचं स्वतंत्र चित्रीकरण केलेलं. बटू आता दहावीला आहे आणि मुंजीच्या आणखी दोन प्रती बहिणीकडे डोंबिवलीला आहेत. निर्णय सोपा होता. ‘ड’ वर्ग.

सुरुवात सुट्या व्हिडिओपासून केली. डिलीट दाबलं तर उत्तर आलं की ही फाईल दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, तेव्हा काम होणार नाही. कुठल्या प्रोग्रॅममध्ये ते सांगायचं नाही. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीच्या जागेवर रुमाल पडलेला असतो तसं हे. रुमालाचा मालक दिसत नाही, पण जागा गेलेली असते. मी सगळं बंद केलं, कॅलेंडरही बंद केलं, तरी रुमाल जागचा हलेना.

मोठ्या भाच्याला फोन लावला. हा इंजिनिअरिंगला आहे आणि मला ‘मामा, तू’ म्हणतो, पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की त्याच्या ‘तू’मध्ये थोडी कीव उतरते. त्याने रिसोर्स मॉनिटर नावाची खिडकी उघडायला लावली. त्यात सीपीयूच्या पानावर हँडल्स शोधायची सोय आहे. फाईलचं नाव टाकलं की ती कुणी धरून ठेवली आहे ते कळतं. नाव टाकलं. उत्तर आलं: एक्सप्लोरर. म्हणजे ज्या खिडकीतून मी फाईल पुसत होतो, तीच खिडकी. उजव्या बाजूला पूर्वदृश्याची चौकट चालू राहिली होती आणि तिच्यात बटू दूधभात खात होता. जो जागा रिकामी करायला आला, त्याचाच रुमाल! चौकट बंद केल्यावर फाईल निमूट गेली. (यावर एरवीचा सार्वजनिक उपाय म्हणजे मशीन बंद करून चालू करणे. तो बहुतेकदा लागू पडतो, कारण रात्री कारशेडमध्ये सगळेच रुमाल झाडून निघतात.)

पेन्शनच्या फोल्डरचं दुखणं वेगळं होतं. ते जुन्या कॉम्प्युटरवरून आलेलं, त्यामुळे त्याला परवानगी हवी होती. कुणाची? तर एस-१-५-२१ पासून सुरू होणाऱ्या लांबलचक आकड्याची. तो आकडा म्हणजे मीच. पण जुन्या कॉम्प्युटरवरचा मी, जो कॉम्प्युटर भंगारवाल्याने नेला. नव्या कॉम्प्युटरला तो मी ओळखू येत नाही. भाचा वैतागला, मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. मालक हयात नाही आणि नोंद त्याच्याच नावावर आहे, अशी प्रकरणं मी शेकड्यांनी निकाली काढली आहेत. सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड, मग मालकाचं नाव बदला, मग वारसाला पूर्ण हक्क द्या. चार शिक्क्यांत नावांतर झालं, आणि तेही कुणाला चहा न पाजता.

असा दोन किल्ले सर करून मी मुंजीवर आलो.

फोल्डरचं नाव होतं ‘मुंजीचे फोटो इ.’ डिलीट दाबलं. विंडोज म्हणालं, ही वस्तू सापडत नाही. ती आता या जागी नाही, तिचं ठिकाण तपासून पुन्हा प्रयत्न करा. मी तपासलं. ती त्याच जागी होती, माझ्या नाकासमोर, पिवळी धमक. उघडून पाहिली तर उघडेना. नाव बदलायला गेलो तर पुन्हा तेच, वस्तू सापडत नाही. नाही म्हणायला माझी हरकत नसते, नकार हा कचेरीचा प्राण आहे. पण आमच्याकडेही ‘साहेब जागेवर नाहीत’ असं सांगताना साहेब निदान आतल्या खोलीत असत. इथे साहेब काउंटरवर कोपर टेकून बसले आहेत आणि शिपाई माझ्या डोळ्यांत बघून सांगतोय, ते रजेवर आहेत.

दोन दिवस मी एकट्याने झुंज दिली. मशीन बंद-चालू केलं, सेफ मोडमध्ये नेलं. अँटीव्हायरसला विचारलं, त्याला काही आक्षेपार्ह आढळलं नाही. तिसऱ्या दिवशी डिस्क पिशवीत घालून स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने वायर जोडली, एकदा डिलीट दाबलं, च्यूइंगगम या गालातून त्या गालात नेलं आणि म्हणाला, “काका, फॉरमॅट मारू?” या शहरात फॉरमॅट करत नाहीत, मारतात. एक बिऱ्हाड हलत नाही म्हणून अख्खी चाळ पाडायचा हा उपाय. आमचा बिल्डरही साधारण हेच म्हणतो. मी डिस्क परत पिशवीत घातली.

रात्री पुन्हा भाच्याला फोन. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मामा, फोल्डरच्या नावाच्या शेवटी काय आहे?”

“इ.”

“इ की इ टिंब?”

“टिंब असणारच. इत्यादीचं संक्षिप्त रूप आहे ते. टिंब नसेल तर नुसता इ कशाचा?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “हे नाव मीच टाइप केलं होतं. तू बाजूला उभा राहून सांगत होतास. मी टिंब दिलं नव्हतं, तू द्यायला लावलंस.”

आठवलं. टिंबाच्या बाबतीत मी आयुष्यभर कडक. वसईचे एक गृहस्थ माझ्याकडे नकलेसाठी यायचे. अर्जात नाव ‘गो वि’ असं लिहिलेलं, मूळ दाखल्यात ‘गो. वि.’ मी अर्ज परत केला. दुसऱ्या खेपेला त्यांनी ‘गो.’ला टिंब दिलं, पण ‘वि’ला द्यायचं राहिलं. मी शेरा मारला, ‘नावात तफावत’. तिसऱ्या खेपेला ते दोन्ही टिंबं घेऊन आले, तेव्हा माझी जेवणाची सुट्टी चालू होती. बाकावर बसले आणि शिपायाकडे पाणी मागितलं.

भाच्याने मग जे सांगितलं ते मला कळलं तसं सांगतो. विंडोजच्या आधी डॉस होतं, १९८१ सालचं. त्यात फाईलच्या नावाला आठ अक्षरं आणि आडनावाला तीन. मधलं टिंब डिस्कवर लिहीतच नसत, ते गृहीत धरलेलं. त्यामुळे शेवटी नुसतं टिंब किंवा मोकळी जागा असेल तर तिला काही अर्थच नाही. ही सवय विंडोजने अजून सोडलेली नाही. ‘इ.’ असं नाव दिसलं की ते टिंब झाडून टाकतं आणि ‘इ’ नावाचं फोल्डर शोधायला निघतं. तसं फोल्डर नसतंच, म्हणून वस्तू सापडत नाही. खोटं बोलत नाही बिचारं, दुसऱ्याच माणसाचा पत्ता विचारत हिंडतं. डिस्कच्या मूळ नोंदवहीला मात्र टिंब चालतं. आणि भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे. त्याने माझं टिंब जसंच्या तसं नोंदवलं. कारकून म्हणून तोच सरस निघाला, हे मी त्याला सांगितलं नाही.

“तशी काही नावंही चालत नाहीत,” तो पुढे म्हणाला. “कॉन नावाचं फोल्डर करून बघ.”

हे ऐकून मला धक्काच बसला, कारण महिन्यापूर्वी कॉन्ट्रॅक्टरच्या पत्रांसाठी मी इंग्रजी तीन अक्षरांत तेच नाव देत होतो आणि विंडोज म्हणत होतं, हे उपकरणाचं नाव अवैध आहे. मी कीबोर्ड बदलून आणला होता. कॉन म्हणजे कन्सोल, पीआरएन म्हणजे प्रिंटर, एनयूएल म्हणजे जे टाकाल ते गडप करणारा खड्डा. जुन्या काळापासून ही नावं यंत्रांसाठी राखीव आहेत. महिलांच्या डब्यात चुकून चढल्यासारखं झालं होतं माझं, फक्त तिथे निदान ओरडून सांगतात.

उपाय होता. कमांड प्रॉम्प्ट नावाची, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडायची आणि नावाच्या आधी अशी काही चिन्हं टाकायची की विंडोजने नावाला हात न लावता ते सरळ आत पोचवावं. चिठ्ठी उघडून न वाचता साहेबांना नेऊन दे, असं शिपायाला बजावण्यासारखं. हे फोनवर सांगणं म्हणजे:

“मामा, आरडी लिही.”

“पोस्टातली?”

“रिमूव्ह डिरेक्टरी! मग स्पेस, स्लॅश, एस. मग स्पेस. मग अवतरण चिन्ह. मग दोन उलटे स्लॅश.”

“उलटे म्हणजे?”

“डोकं डावीकडे कलंडलेले. मग प्रश्नचिन्ह.”

“प्रश्न कुणाला विचारायचा?”

“कुणालाच नाही. मग पुन्हा एक उलटा स्लॅश. मग डिस्कचं अक्षर, कोलन, आणखी एक उलटा. आता तिकडे फोल्डरवर जाऊन एफ-टू दाब, नाव कॉपी कर आणि इथे येऊन उजवी कळ दाब. टिंबासकट आलं ना?”

आलं होतं. पण काळ्या खिडकीला मराठी वाचता येत नाही. ‘मुंजीचे’चे सगळे चौकोन, ‘फोटो’चे चौकोन, ‘इ’चाही चौकोन झाला होता. सबंध नावात ओळखू येत होतं ते फक्त शेवटचं टिंब. लख्ख, पांढरं, वाटाण्याएवढं. ज्याच्यामुळे नाव बुडालं, त्याच्यावरूनच मला नाव ओळखता आलं.

अवतरण बंद करून एंटर मारला. खात्री आहे का, असा प्रश्न आला. होय किंवा नाही. यादी नाही, टिपणी नाही, वरिष्ठांची सही नाही. ३१ वर्षांत मी असा बिनबुडाचा नाशनाचा आदेश पाहिला नव्हता. वाय दाबलं. डिस्क जराशी कुरकुरली आणि मुंज संपली. कचऱ्याच्या डब्यातही काही नव्हतं, या वाटेने गेलेलं तिथे थांबत नाही.

“म्हणजे आता ते कायमचं गेलं?” मी विचारलं.

“तसं नाही रे. नोंदवहीतली नोंद मोकळी केली. फोटो अजून डिस्कवरच आहेत, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.”

मी फोन धरून बसून राहिलो. संचिका कपाटातच, फक्त नोंद खोडलेली. हे माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

पण जागा तर झाली होती. लगेच सोसायटीचे कागद चढवायला घेतले. नवं फोल्डर केलं, नाव दिलं ‘पुनर्विकास इ.’, एंटर मारला. आलं, ‘पुनर्विकास इ’. वाटलं, कळ नीट दाबली गेली नसेल. एफ-टू दाबून पुन्हा टिंब दिलं. पुन्हा गेलं. हरकत नाही, शेरा नाही, तफावत नाही, नुसतं हातातून काढून घेतलं. मी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि तिसऱ्यांदा एफ-टू दाबलं.

आतून हाक आली, “अहो, पान वाढलंय कधीचं.”

“येतो,” मी म्हटलं, “आधी जरा पाणी दे.”