रंगीत आहे म्हणून हिरा खाणीतलाच, हे कुणी सांगितलं?

परवा मावशीला व्हॉट्सअपवर एक मेसेज आला आणि काल ती निळा हिरा घ्यायचा म्हणून रुमालात ठुशी बांधून गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडायला निघाली. मेसेज असा, की रंगीत हिरे सगळ्यात दुर्मिळ, मशीनमध्ये बनवलेल्या हिऱ्याला रंग येतच नाही म्हणून रंगीत असला की तो खाणीतलाच, त्याचा भाव कधी पडत नाही, आणि निळा घातला की शनी शांत होतो.

मशीनमध्ये रंग येत नाही? साफ खोटं, आणि याच वाक्यावर लोकांचं सोनं मोडलं जातंय. निळा रंग बोरॉनमुळं येतो, लॅबवाले हिरा वाढवताना तेच बोरॉन घालतात. पिवळा नायट्रोजनमुळं, आणि प्रचंड दाबाखाली हिरा बनवताना हवेतला नायट्रोजन आत शिरतोच, तिथं पांढरा काढायलाच जास्त खटपट. आणि खाणीतल्या हिऱ्यालाही नंतर रंग देता येतो, क्रूक्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९०४ च्या सुमारास रेडियममध्ये ठेवून हिरे हिरवे केले होते बघा.

मावशीनं दुकानातून आणलेली चिठ्ठी बघितली. 'ब्लू डायमंड', वजन, किंमत, बास. नॅचरल हा शब्द नाही, रिपोर्ट नंबर नाही. जीआयए ही हिरे तपासून रिपोर्ट देणारी संस्था, तिच्या रिपोर्टवर रंग नैसर्गिक की दिलेला हे वेगळं लिहिलेलं असतं आणि नंबर त्यांच्या साइटवर टाकून घरबसल्या तपासता येतो. फोन करून रिपोर्ट मागितला तर म्हणे आधी ॲडव्हान्स भरा!

रंगीत हिरे दुर्मिळ आहेत हे मान्य करायला लागतंय. जीआयएच सांगते, दहा हजारांत एखादाच ठळक रंगाचा. होप हिरा, ४५.५२ कॅरेटचा, निळा, आपल्याच गोवळकोंड्याकडचा. पण सगळे रंग सारखे नव्हेत. तपकिरी भरपूर सापडतात, लाल जवळजवळ नाहीतच, आणि नुसती पिवळसर झाक असली तर तो पांढऱ्यापेक्षा स्वस्त जातो.

भावाचं म्हणाल तर गुलाबीला मागणी आहे कारण ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण २०२० ला बंद पडली, बहुतेक गुलाबी माल तिथूनच यायचा. त्याचा मावशीच्या निळ्या खड्याशी काय संबंध? ठुशी मोडली तर त्या दिवसाच्या दरानं पैसे हातात येतात, हिऱ्याला असा रोजचा दर कुठंय?

आणि शनीला नीलम सांगतात, हिरा शुक्राचा. ज्याला ग्रह मानायचेत त्याच्या हिशेबातही हे बसत नाही.

ठुशी सध्या परत कपाटात आहे. मेसेज कुणाच्या आईला, मावशीला आला असेल तर आधी रिपोर्ट नंबर मागायला सांगा.