त्या 850 शब्दांचं खरं काय ते सांगतो

बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतंय की 850 इंग्रजी शब्दांची एक यादी पाठ केली की पोराला इंग्रजी आलंच, तसं नाहीये हो. ही इंग्रज भाषातज्ज्ञ ऑग्डेनची 1930 ची बेसिक इंग्लिशची यादी, मुद्दाम कमी शब्दांत भागवायला केलेली, त्यात क्रियापदं फक्त 18 आणि साधं 'ईट' पण नाही, मग तिसरीतलं पोर जेवलो कसं सांगणार? आणि नुसतं 'गेट' घोकून काय होतंय, गेट अप म्हणजे ऊठ, गेट डाऊन म्हणजे उतर, हे वाक्यातच कळतं. यादी हवीच तर इंग्रजी शिकवण्यातला जाणकार मायकेल वेस्ट याची 1953 ची बघा, साधारण 2000 शब्द, पण तीही आधी काय शिकवायचं ते ठरवायला. आपली पोरं शाळेत कन्नडही शिकतात, रोज 50 शब्द लादू नका, पाचच द्या आणि बोलायला लावा.