डोहर्टी, डॉकर्टी आणि माझं डोकं

सासरची वंशावळ शोधायची हौस माझी नाही, हे आधीच सांगून ठेवते. नवरा फिलाडेल्फियाचा, आडनाव आयरिश, खापरपणजोबा आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यातून आले एवढंच घरात ठाऊक. सासूबाईंना मुळं हवीत आणि सुनेला कम्प्युटर येतो, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात.

मूळ आयरिश आडनावाचं इंग्रजीत डोहर्टी झालं. स्कॉटलंडला गेले त्यांच्यात मधे सी घुसला, ते डॉकर्टी झाले. आमच्या अमेरिकनांनी यू, जी, एच असा फौजफाटाच मधे कोंबला. जुन्या कागदांवर नुसता जीएचसुद्धा सापडतो. मूळ नावापुढचा, 'अमक्याचा वंशज' सांगणारा 'ओ' इंग्रजी अमलात गळून पडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश भाषेचं वारं सुटल्यावर काहींनी परत चिकटवला. काहींनी नाही. सख्ख्या भावांतसुद्धा एकाने लावला, दुसऱ्याने नाही.

इथपर्यंत मला राग नव्हता. गावोगावी आडनावं अशीच चालतात. राग आला तो चुलतसासऱ्यांचा. डोनेगलमधल्याच इनिशोअन भागातल्या एका पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वहीत मला बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. बापाचं नाव जुळतं, आईचं माहेरचं आडनाव जुळतं, साल जुळतं. मी आनंदाने फोन केला. त्यांनी काय म्हणावं? "यात जी नाही. आमचे जीवाले. हे दुसरे कुणीतरी."

अहो, जीवाले म्हणजे काय! ज्या माणसाने आयुष्यभर सहीच्या जागी फुली मारली, तो माझ्या नावात जी घाला म्हणून पाद्र्याच्या मागे लागला असेल का? आडनाव हे लोक बोलायचे, लिहायचा दुसराच. पाद्री लिहायचा, कारकून लिहायचा, घराच्या मूल्यांकनाला आलेला माणूस लिहायचा, आणि ज्याच्या कानाला जसं लागेल तसं. पाद्रीबुवा तर पुष्कळदा लॅटिनमध्ये! जेम्स असेल तर याकोबस, विल्यम असेल तर गुलिएल्मस. त्यावर कुणाची हरकत नाही. याकोबस आपला पणजोबा चालतो, पण एक जी गेला की माणूस परका.

१८९० मध्ये आयर्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीतले, पुढे तिचे प्रमुख झालेले रॉबर्ट मॅथेसन यांनी नोंदणी अधिकाऱ्यांसाठी एकाच आडनावाच्या निरनिराळ्या रूपांची यादी छापली होती, कारण रोजच्या कामात हाच गोंधळ. मॅकगोवन आणि स्मिथ एकच घराणं निघायचं (दोन्ही नावांत लोहारच). सरकारला तेव्हा कळलेलं आमच्या चुलतसासऱ्यांना आज कळत नाही.

बरं, माणसं हट्टी म्हणून यंत्राकडे जावं, तर ते त्यांच्याहून अडेल. पैसे भरून घेतलेल्या वेबसाइटवर 'उच्चारावरून शोधा' अशी सोय आहे. सोय कसली, १९१८ साली अमेरिकेत पेटंट मिळालेली साउंडेक्स पद्धत! पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. एच मोजायचा नाही, जी मात्र मोजायचा. त्यामुळे डोहर्टीचा कोड येतो डी ६३०, जीवाल्यांचा डी २६३ आणि 'ओ' लावणाऱ्यांचा ओ ३६३. म्हणजे एकाच बापाचे तीन मुलगे तीन वेगळ्या कपाटांत. उच्चारावरून म्हणे!

आणि शोधायचं तरी कशात? १९२२ च्या जूनअखेर यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं सरकारी दफ्तर जळालं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद गेले. १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाईपायी लगद्यात गेले. पुरी हाताशी असलेली सगळ्यात जुनी म्हणजे १९०१ ची, मग १९११ ची. त्याआधीसाठी ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे १८४७ ते १८६४ मध्ये करासाठी झालेली घर-जमिनींची नोंद, तर त्यात फक्त घर किंवा जमीन ज्याच्या ताब्यात तो आणि ज्याने ती दिली तो. बायको नाही, मुलं नाहीत. माझ्या माहेरी नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत अक्षर किचकट असतं, पण वही तरी असते हो!

उरलेल्या कागदांवरही विश्वास कुठे ठेवायचा? १९०१ ला पंचावन्नच्या असलेल्या बाई १९११ ला एकाहत्तरच्या होतात. कारण १९०९ पासून सत्तरीच्या पुढे पेन्शन सुरू झाली. मला यात त्या बायांचं कौतुकच वाटतं, घ्यायलाच हवी होती. पण वय इतकं लवचीक आणि आडनाव मात्र अक्षराअक्षराने पक्कं, असं कुठे असतं का?

त्यातून इनिशोअन म्हणजे डोहर्टींचं माहेरघर. उंबऱ्याउंबऱ्याला डोहर्टी, आणि आजोबांचं नाव नातवाला द्यायची रीत, त्यामुळे प्रत्येक घरात एक जॉन नि एक पॅट्रिक. गावात लोक टोपणनावांवरून घरं ओळखायचे. म्हणून तिथे शोधायचं ते गाव, आईचं माहेर, बाप्तिस्म्याचे साक्षीदार, शेजारी कोण, यावरून. स्पेलिंगला तिथे काडीची किंमत नाही.

हे सगळं समजावून झाल्यावर नणंदेचं नवीन संशोधन आलं: "आमचं नाव एलिस आयलंडवर अधिकाऱ्यांनी बदललं." बाई गं! एलिस आयलंड हे परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणीचं ठाणं न्यूयॉर्कला, आणि उघडलं १ जानेवारी १८९२ ला. तुझे पूर्वज त्याच्या कितीतरी आधी फिलाडेल्फियात संसार थाटून बसलेले. शिवाय तिथले अधिकारी नावं ठेवायला बसले नव्हते, जहाजावरून आलेली यादीच समोर धरून ते तपासायचे.

आणि हेच चुलतसासरे गेल्या नाताळात सगळ्यांना 'डोहर्टी घराण्याचं मानचिन्ह' छापलेले कॉफीचे मग वाटत होते. त्या मगवर जी नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "दुकानात तसेच मिळाले." म्हणजे मगला सूट, माझ्या बाप्तिस्म्याच्या नोंदीला नाही! ती नोंद मी वंशावळीत घातली आहे, आणि ज्यांना जी हवाय त्यांनी आपल्या पेनाने लिहून घ्यावा.