जेवणाचं जेवण

मुलाने लेपर्ड गेको नावाची पाल पाळायचं ठरवलं, तेव्हा मी तिचा धसका घेतला होता. तो फुकट गेला. गेको दिवसभर आडोशाला पडून असतो आणि संध्याकाळी बाहेर येऊन आमच्याकडे असा बघतो, जणू आम्हीच त्याच्याकडे भाड्याने राहतो. त्याचा काही त्रास नाही. त्रास त्याच्या जेवणाचा. त्याला जेवण हलतं लागतं. मेलेला रातकिडा पुढे ठेवला तर ढुंकूनही बघत नाही.

दर आठवड्याला रातकिडे विकत आणून कंटाळल्यावर नवरा म्हणाला, "घरीच करू की! आपल्याला पुरून उरले तर विकू." मग त्याने कागद घेतला. एक मादी शेकडो अंडी घालते, त्यातल्या निम्म्या माद्या, त्यांची पुन्हा शेकडो... तिसऱ्या पिढीला कागद संपला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसे आम्ही रातकिडे यायच्या आधीच नफ्याचं काय करायचं यावरून दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो.

भांडवल म्हणून माझा पांघरुणांचा मोठा प्लास्टिकचा डबा गेला. झाकणाला खिडकी कापून नायलॉनची जाळी लावली. ती त्यांनी चार दिवसांत कुरतडली, म्हणून मग धातूची आली. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावले, म्हणजे घाण खाली पडते आणि मंडळी वर राहतात. ऊब तीस अंशांच्या आसपास. पाणी मात्र वाटीत ठेवायचं नाही, ओला स्पंज ठेवायचा. ढांकणीभर पाण्यात जीव देणं हा माणसांमध्ये नुसता वाक्प्रचार आहे, रातकिडे ते करून दाखवतात.

आणि खाणं! मुलाने मला समोर बसवून समजावलं, "आई, रातकिड्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. नुसतेच दिले तर गेकोची हाडं मऊ पडतात. म्हणून द्यायच्या आधी एक-दोन दिवस त्यांना चांगलंचुंगलं खायला घालायचं, आणि देताना वरून कॅल्शियमची पूड."

"म्हणजे जेवणाला जेवण घालायचं?"

"हो. रातकिड्याच्या पोटातलंही शेवटी गेकोच्याच पोटात जातं."

तेव्हापासून आमच्याकडे ताजी पालेभाजी निवडून, तीनदा धुऊन, बारीक चिरून आधी डब्यात जाते. आम्ही कालचं गरम करून खातो.

मादीच्या शेपटाशी सुईसारखी लांब नळी असते. ओलसर कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, डबी ठेवली की ती सुई आत खुपसून अंडी घालते, जागा बदलते, पुन्हा खुपसते. इतकी मन लावून, की मला गहिवरून आलं. मग मुलाने डबीवर जाळी बसवली. "नाहीतर बाकीचे अंडी उकरून खातात," म्हणाला. गहिवर ओसरला. डबी वेगळ्या डब्यात उबेला ठेवली. दहाएक दिवसांनी बघते तर कोकोपीटवर स्वल्पविराम चालत होते. खरंच तेवढेच, आणि तसेच.

पुढचे सहा आठवडे धंदा फार सभ्य होता. आवाज नाही, कटकट नाही. वास होता, पण त्याची नाकाला सवय होते; पाहुण्यांच्या नाकाला होत नाही, एवढंच. भेटेल त्याला नवरा सांगत होता, "अगदी शांत काम आहे हो." आम्हाला हे माहीत नव्हतं, की रातकिड्याला पंख शेवटची कात टाकल्यावर येतात आणि तो गातो पंखांनी. म्हणजे ते शांत नव्हते. वाद्यं यायची वाट बघत होते.

एका रात्री दीडच्या सुमाराला पहिला 'किर्र' आला. नवऱ्याने कौतुकाने मला उठवलं. तिसऱ्या रात्री त्याच नवऱ्याने उशी डोक्यावर घेऊन विचारलं, "यातले नर किती असतील गं?" गातात फक्त नर, हाही शोध ताजाच होता. सासूबाई तेवढ्या कानातलं यंत्र काढून सुखाने झोपत होत्या आणि सकाळी आमचे चेहरे बघून, "लवकर झोपत जा रे," म्हणत होत्या.

गारवा आला की रातकिड्यांचा ताल मंदावतो. डॉल्बेअर नावाच्या गृहस्थांनी तर १८९७ साली याचं सूत्रच मांडलं होतं : रातकिड्यांची किरकिर मोजायची आणि तापमान सांगायचं. सूत्र बसतं ते झाडावरच्या वेगळ्या जातीला, पण नवरा पेटला. रात्री दोनला घड्याळ घेऊन डब्याशी मोजत बसला. मग ऊब कमी करून पाहिली. गाणं हळू झालं, त्याबरोबर अंडी घालणंही. धंदा की झोप, असा सरळ सवाल होता. ऊब पुन्हा वाढवली.

बरं, हा माल दुकानातल्या मालासारखा फळीवर गप्प बसत नाही, तो वाढतो. गिऱ्हाईक सोमवारी 'मध्यम' मागतं आणि पुढच्या सोमवारी न्यायला येतं, तोवर मध्यम मोठे झालेले असतात. लहान मागावेत तर सगळे आईबाप, मोठे मागावेत तर सगळे स्वल्पविराम. पंख आल्यावर रातकिडा जगतो काही आठवडेच. म्हातारपणाने गेलेल्या मालाचा तोटा हिशेबात कुठे लिहायचा, यावर आमचं अजून एकमत नाही.

हे पाहून मुलाने परवा पर्याय सुचवला. "डुबिया. आवाज नाही, गुळगुळीत भिंतीवर चढत नाहीत, वासही कमी."

"छान की! डुबिया म्हणजे?"

"झुरळं."

विषय तिथेच संपला.

आणि आता पहिली मोठी ऑर्डर आली. शंभर नग. शंभर रातकिडे मोजणं म्हणजे काय, ते मोजणाऱ्यालाच कळतं. ट्रे उचलायचा, कागदाच्या नरसाळ्यावर झटकायचा. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस... एक नरसाळ्यातून उलटा वर, दोन माझ्या बाहीत. "अडतीस," नवरा म्हणाला. "सदतीस," मी म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून. या गडबडीत एक निसटला. निसटला तो अर्थातच नर.

तो स्वयंपाकघरात गेला. एकटा रातकिडा हजारांना भारी असतो. हजारांचा आवाज पावसासारखा कानावरून जातो, एकट्याचा नाव घेऊन हाक मारल्यासारखा येतो. फ्रिजमागे किर्र. फ्रिज सरकवला, शांतता. दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकली, किर्र. या वेळी सिंकखालून. पहाटे तीनला नवऱ्याने ओट्याखाली पालथं पडून शेवटी त्याला काचेच्या पेल्यात धरला आणि विजयी मुद्रेने गेकोच्या पेटीकडे निघाला.

"बाबा, तो नको!" मुलगा झोपेतून ओरडला. "ओट्याखाली मुंग्यांची पावडर टाकलीय. बाहेर काय खाल्लं असेल त्याने!"

पाणी प्यायला उठलेल्या सासूबाई दारात उभ्या होत्या. यंत्र कानात नव्हतं, तरी एवढं बरोबर ऐकू आलं. "खरंय," त्या म्हणाल्या. "बाहेरचं खाऊ नये."

नवरा पेला हातात घेऊन तसाच उभा. मी विकायच्या डब्याकडे बघितलं. झाकणावर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी होती : ९९.

त्यानेही तिकडेच बघितलं. मग माझ्याकडे. पेल्यातला सुरू झाला, किर्र.