उतरून कोण आलं बे?

काल शंकरनगरच्या टपरीवर तोच विषय. पुणेकराने ग्रुपवर 'नागपूरच्या मानाने शुद्ध मराठी' असा शेरा मारलेला, त्यावरून सगळे तापलेले. पुणेकर (जन्म नागपूरच्याच महाल भागातला, पुण्यात सहा वर्षं नोकरी, शर्ट नेहमी पांढराशुभ्र) तर्री-पोह्यातले पोहे वेगळे काढत म्हणाला, "अरे, मी कौतुकच केलं होतं. 'नागपूरच्या मानाने शुद्ध मराठी', यात लागण्यासारखं काय आहे?"

"असं वरून, मोठेपणा दाखवत बोलणं, यालेच इंग्रजीत कंडिसेंड करणं म्हणते," मास्तर म्हणाले. "लॅटिनमधला शब्द. 'स्कांदेरे' म्हणजे चढणं. आधी 'दे' लावला की उतरणं. त्याच्याही आधी 'कोन' लावला की पुरतं उतरणं. आपला 'स्कंद्' धातू याच घरातला, उडी मारणं."

"मंग शिवी कशी झाली?" मी विचारलं.

"आधी शिवी नव्हतीच ना! सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशात तो चक्क गुण आहे. मोठेपणाचा हक्क आपणहून सोडून लहानांच्या बरोबरीला येणं. वरचा कोण, खालचा कोण, हे तेव्हा सगळ्याले मान्य होतं. पुढं खालचा विचारू लागला, 'तू वरती कधी होता बे?' झालं, शब्द नासला."

"पण पेट्रनाइज तर सौम्य आहे," पुणेकर.

"त्यात 'पातेर' आहे, म्हणजे बाप. तू आमचा बाप होऊन बोलून राहिला."

मास्तर ऐकत नसतात. १९५३च्या नागपूर करारावर (विदर्भ महाराष्ट्रात येताना झालेला, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरवणारा) ते कसे पोचले ते आठवत नाही, पण दादा लगेच पेटले. "म्हणजे दर हिवाळ्यात सरकार मुंबईहून इथं येते, तेबी कंडिसेंडच!"

"कसं उतरते? मुंबई समुद्राच्या काठाले, आपण हजार फुटावर. चढून येते ते," मास्तर.

इथं चहा सांडला. मग कॉलेजातल्या न परतलेल्या नोट्स निघाल्या, पुणेकराची पोह्यांची उधारीही निघाली. दोन्ही बाबतीत आरोपी एकच.

बिचाऱ्याने शेवटचा डाव टाकला. "मग देव खाली उतरतो तेही कंडिसेंडच ना? अवतार म्हणजे तरी काय, खाली उतरणंच!"

मास्तर गप्प. खरंच गप्प! मुद्दा बरोबर होता, हे मलाही कबूल करावं लागतंय.

टपरीवाले काका मात्र त्याच्या शर्टावरच्या तर्रीच्या लाल ओघळाकडे पाहत म्हणाले, "अवतार तर दिसूनच राहिला, भाऊ. पैसे कोण देते?"