आयत्या बिळावरचं भाषण

स्टार्टअपवाल्यांच्या मेळाव्यात भाषणाला बोलावलंय? मग काय बोलावं याची चिंता सोडा. 'सरकारला काही जमत नाही, जग बदलतो तो गॅरेजमधला एकटा पोरगा' एवढंच वीस मिनिटं घोळवायचं. उदाहरण इंटरनेटचं द्या, तेही आपण त्याच्या बारशाला जेवलो आहोत अशा थाटात.

फक्त तारखांच्या वाटेला जाऊ नका. त्या फितूर असतात. २९ ऑक्टोबर १९६९ हीच घ्या. त्या रात्री लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला; इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरचा हा पहिला निरोप. एल गेलं, ओ गेलं आणि पलीकडचं यंत्र आडवं झालं. तासाभरानं जमलं. खर्च अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संशोधन संस्थेचा, म्हणजे करदात्याचा. तुम्ही यंत्र आडवं झालं तेवढंच सांगा, 'अपयशाला घाबरू नका' म्हणा आणि पुढे सरका.

खासगी धाडसाचे गोडवे गाताना एटी अँड टीचं नाव तोंडून जाऊ देऊ नका. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या पॉल बॅरननं निरोपाचे तुकडे करून पाठवायची युक्ती त्यांच्यापुढे मांडली होती. टेलिफोन धंद्यातल्या या बाप कंपनीनं 'असं काही चालायचं नाही' म्हणून त्याला वाटेला लावलं. तिकडे ब्रिटनच्या सरकारी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे त्याच युक्तीपाशी पोचला. तुकड्याला 'पॅकेट' हे नाव त्याचंच, आणि इंटरनेट चालतं ते या पॅकेटांवरच. असंच पॅकेटांचं जाळं फ्रान्समध्ये उभारणारा लुई पूझाँही आहेच. एवढी मंडळी व्यासपीठावर चढवली तर तुमचा एकटा पोरगा बसणार कुठे?

सगळ्यात घातक गोष्ट स्टीव्ह क्रॉकरची. एप्रिल १९६९ मध्ये या विद्यार्थ्यानं नेटवर्कच्या कामाचं पहिलं टिपण लिहिलं, तेही रात्री बाथरूममध्ये बसून, घरातले मित्र जागे होऊ नयेत म्हणून. आपण पोरंटोरं, हुकूम कसले सोडणार, या संकोचानं त्यानं टिपणाला नाव दिलं 'अभिप्रायासाठी विनंती'. ती विनंती अजून चालूच आहे. टिपणांचा क्रमांक नऊ हजारांच्या पुढे गेलाय आणि कोणीही ती फुकट वाचावीत. गॅरेजऐवजी बाथरूम एक वेळ चाललं असतं हो, पण यात पेटंट नाही, शेअर नाही. गाळा.

युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेनं ३० एप्रिल १९९३ रोजी वेब सगळ्या जगाला मोकळं करून दिलं, याबद्दल फार तर व्यवहारशून्यता म्हणून हळहळा. गॅरेज हवंच तर गूगलचं आहे, १९९८ चं. त्याआधी स्टॅनफर्डात सरकारी अनुदानावर झालेलं संशोधन आत ढकला आणि शटर ओढून घ्या.

प्रश्नोत्तरांत एखादे निवृत्त काका उठतील. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं 'अर्नेट' हे शिक्षण-संशोधन संस्थांचं कॉम्प्युटर-जाळं सुरू केलं, जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पाच आयआयटी त्यात होत्या, असं सांगू लागतील. जनतेला १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट दिलं ते व्हीएसएनएल या टेलिफोन कंपनीनं, तीही तेव्हा सरकारीच, हेही त्यांना पाठ असेल. 'काका, वेळ संपली' म्हणून हसा आणि खाली उतरा. पहिल्या रांगेत मंत्रीसाहेब बसलेत. सवलतीच्या भूखंडाचा अर्ज खिशात आहे ना?